बॉक्स शाबूत होता

गिअरबॉक्स उघडायच्या आधी मी त्याचं तेल पाटीत काढायचो आणि त्यात बोट बुडवून अंगठ्यावर चोळून बघायचो. पिवळी चमक दिसली तर आतल्या पितळी रिंगा झिजल्या. काळी, बोटाला टोचणारी कणी लागली तर दाते गेले. जळका वास आला तर मालकानं वर्षानुवर्षं तेल बदललेलं नाही, आणि आता तो शपथेवर सांगणार की गेल्याच महिन्यात बदललं होतं.

नसरापूरला वेल्ह्याच्या रस्त्याला माझं दुकान होतं. भोरहून सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं, आणि मधल्या वेळात लोकांच्या गाड्यांच्या पोटात हात घालायचे, असा तीस-बत्तीस वर्षांचा शिरस्ता. इंजिनवाले मिस्त्री आमच्याकडं पैशाला पासरी. गिअरबॉक्सवाला मी एकटाच. इंजिनवाल्याला आवाज काढून दाखवता येतो, गिऱ्हाईक खूश होतं. गिअरबॉक्स चांगला जमला तर काहीच आवाज येत नाही. त्यामुळं आमचं कौतुक करायला कुणी येत नसे, भांडायला तेवढे यायचे.

दुकान का बंद केलं असं लोक विचारतात. मी गुडघे सांगतो. गुडघे दुखतात हे खोटं नाही. पण गुडघ्यांनी दुकान बंद होत नसतं.

जुन्या गाडीत मोठं इंजिन टाकायचं खूळ आमच्या भागात आणलं ते पानशेतच्या बंगलेवाल्यांनी. शनिवार-रविवार पुण्याहून यायचं, धरणाच्या कडेच्या चिखलात जीप घालायची, ती बाहेर काढायची आणि परत घालायची. त्यातल्या एका साहेबांनी पुण्यात कुणाकडून तरी जीपमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं होतं. पहिल्याच रविवारी गाडी दोरीनं ओढत माझ्या दारात आली. साहेब म्हणाले, “इंजिन एकदम फर्स्ट क्लास आहे हो. गाडी फक्त पुढं जात नाही.”

मी बॉक्स उघडला. पहिल्या गिअरचे दाते तळाशी पडले होते, ओंजळभर.

साहेबांना समजावलं ते इथंही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिन गाडीला ताकद देतं ती पीळ घालून. नदीवर गोधडी धुतली की दोन बाया दोन टोकं धरून पिळतात, तसं. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला चाकं, आणि मधे गोधडीच्या जागी गिअरबॉक्स. लोक हॉर्सपॉवरचा आकडा सांगत येतात. त्या आकड्यानं गाडी किती पळेल ते कळतं. बॉक्स मोडतो तो पिळानं, आणि मोडतो पहिल्या गिअरात, चढावर, भरल्या गाडीनिशी. म्हणून मी आकडा ऐकून घ्यायचो आणि विचारायचो, गाडी कुठं चालवणार, आत माणसं किती? मग बॉक्स निवडायचा. आतल्या दोन शाफ्टांमध्ये अंतर किती, कारण अंतर जास्त तेवढे दाते मोठे. दात्यांची रुंदी किती. वरचं कवच बिडाचं की पातळ अॅल्युमिनियमचं. पाच गिअर आहेत की सहा, हे सगळ्यात शेवटी.

साहेबांसाठी मी भंगारातून एका छोट्या ट्रकचा बॉक्स काढला. दोघांनी उचलावा लागे एवढा जड. इंजिनाला जोडायला जाड पत्र्याची चकती कातून घेतली, मागचा शाफ्ट तोडून जोडून घेतला. तो बॉक्स काही केल्या मोडेना. साहेबांनी आपल्या मित्रांना सांगितलं, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. वर्ष-दोन वर्षांत पार साताऱ्यापासून माणसं विचारत यायला लागली, ‘बॉक्स निवडून देणारे मिस्त्री’ कुठं बसतात? मला ते आवडायचं. आता लिहिताना लाज वाटते, पण फार आवडायचं.

तेच नाव ऐकून विलास आला. म्हणजे ओळख जुनीच होती. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, मला आण्णा म्हणायचा. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी पुष्कळ सोसलंय. वाडीला एसटी जात नव्हती. विलासची जीप हीच वाडीची एसटी, हीच रुग्णवाहिका. वाडीच्या खाली एक चढ आहे. त्याच्या शेवटच्या वळणावर गाडीचं नाक आभाळाकडं होतं. तिथं विलासच्या म्हाताऱ्या इंजिनाचा दम संपायचा. मग सगळ्यांनी खाली उतरायचं आणि चालत वळण चढायचं. त्याची बायको सुनंदा बहुतेक फेऱ्यांना बरोबर असायची, कारण वाडीतल्या बायका दवाखान्याला तिलाच सोबत न्यायच्या. ती दगड हातात घेऊन जीपच्या मागून चालायची. गाडी अडली की दगड चाकाखाली. मग विलासनं क्लच सोडायचा, गाडी पाच-सात हात वर, परत दगड.

दोघं एका सकाळी दुकानात आले. विलासचा चेहरा फुललेला.

“आण्णा, इंजन गावलंय. म्होट्या परवासी गाडीचं. गाडी उलाटली व्हती, पन इंजन पार नवंकोरं.”

“तुझ्या जीपचा बॉक्स महिन्यात खाऊन टाकंल ते.”

“म्हनून तर तुमच्याकडं आलो. तुमी सांगाल त्यो बॉक्स.”

“आणि पासिंगचं? इंजिन बदललं की परवानगी लागती.”

“करू की ते मागनं,” तो म्हणाला. मागनं कुणी करत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

सुनंदानं एकच विचारलं. “आण्णा, चढाला आता उतराया लागंल का न्हाई, तेवढं सांगा.”

“सुनंदा,” मी म्हणालो, “आता खिडकीपाशी बसून जायचं.”

ती हसली. तोंडाला पदर लावून, पण चांगली हसली.

त्या इंजिनाबरोबर त्याचा स्वतःचा बॉक्स मिळत होता. तोच लावला असता तर काम सोपं होतं. पण तो लांबीला जास्त, कवच पातळ, आणि पहिला गिअर हलका, मोठ्या रस्त्याच्या गाडीचा. त्या चढाला तो क्लच जाळत बसला असता. मी परत ट्रकचाच बॉक्स निवडला. बिडाचं कवच, रुंद दाते, आणि पहिला गिअर असा दमाचा की गाडी मुंगीच्या पावलानं भिंत चढेल. दोन आठवडे मी त्यावर काम केलं. बेअरिंगं नवी घातली. एकेक रिंग हातानं बसवली. माझ्या आयुष्यात मी बसवलेला तो सगळ्यात चांगला बॉक्स. हे मी आजही म्हणेन.

शेवटच्या दिवशी मागच्या एक्सलाचं तेल गळताना दिसलं. सील बदलायला म्हणून मी उजवीकडचा हाफ शाफ्ट बाहेर ओढला. चाकाला फिरवणारा हा शेवटचा दांडा. एक टोक चाकाला, दुसरं एक्सलाच्या मधल्या गोळ्यात. हातात घेतला तेव्हा तो फार बारीक वाटला, कुऱ्हाडीच्या दांड्याहूनही बारीक. जीपच्या जन्मापासूनचा होता. त्याच्या आतल्या टोकाला खाचा असतात, त्या सरळ रेषेत पाहिजेत. त्या किंचित तिरक्या झाल्या होत्या. लोखंडानं पीळ धरला की खाचा तशा होतात. जुन्या इंजिनानंच त्याला इतकं दमवलं होतं.

पहिला गिअर जितका दमाचा, तितका मागं जाणारा पीळ मोठा. हे मी बंगलेवाल्यांना शिकवायचो. गोधडीचा मधला भाग मी लोखंडाचा करून ठेवला होता. आता फाटलीच तर ती दुसरीकडंच फाटणार होती. मागचा अख्खा एक्सल बदलायला पाहिजे, हे मला तो दांडा हातात असतानाच कळलं. त्याला अजून दहा-पंधरा दिवस लागले असते, भंगारात तसा एक्सल शोधावा लागला असता. विलास समोर हार घेऊन उभा होता. वाडीत दुसऱ्या दिवशी लग्न होतं, नवरीकडची माणसं आणायला जीप ठरलेली. “झालं का आण्णा?” तो विचारत होता. आणि लग्नाचंच कारण पुढं करून मी सुटणार नाही. मला माझा बॉक्स चढावर चालताना बघायचा होता.

मी नवं सील ठोकलं आणि दांडा परत आत सारला. “झालं,” म्हणालो.

त्या दिवशी त्याच्या शेजारी बसून मी वाडीपर्यंत गेलो. जीप वळण अशी चढली की मागं बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “चढ आला का रं?” आणि सगळी गाडी हसली.

आठ महिने जीप चालली. त्या आठ महिन्यांत एक बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचली, साप चावलेला एक माणूस वाचला. विलास येऊन सांगायचा. वाटायचं, हात सार्थकी लागले.

अपघात भर दुपारी झाला. वेल्ह्याहून परत येताना गाडीत नऊ माणसं आणि ही दोघं. शेवटच्या वळणावर वरून खडीचा टेम्पो आला, म्हणून विलासनं चढावरच गाडी थांबवली. टेम्पो गेला. विलासनं पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. थांबलेली भरली गाडी, उभा चढ आणि पहिला गिअर. सगळ्यात जास्त पीळ बसतो तो त्याच घडीला.

बार उडाल्यासारखा आवाज झाला असं माणसं सांगतात. इंजिन मोकळं ओरडायला लागलं आणि गाडी मागं सरकली. एका चाकाचा हाफ शाफ्ट तुटला की सगळी ताकद त्या तुटक्या टोकातच वाया जाते, गाडी गिअरात असून नसल्यासारखीच. आणि त्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हता. जुन्या जीपना तो गिअरबॉक्सच्या मागं, फिरत्या शाफ्टवर असतो. दांडा तुटला तेव्हा त्याचाही चाकांशी संबंध तुटला. विलासनं तो पार वर ओढला होता. राहिला पायाचा ब्रेक. त्यानं चाकं अडत होती, पण टेम्पोतून सांडलेल्या खडीवर अडलेली चाकंच घसरत होती. एका अंगाला दरी.

सुनंदानं मागून उडी टाकली. रस्त्याकडेचा दगड उचलून चाकाखाली लावला. जीप थांबली. “उतरा, उतरा,” ती ओरडली. नऊच्या नऊ माणसं उतरली, त्यात एक सहा महिन्यांचं पोर होतं. विलास ब्रेकवर पाय दाबून आतच होता. ती दुसरा दगड घेऊन आली आणि दुसऱ्या चाकापाशी वाकली. तेवढ्यात पहिला दगड खडीवरून सरकला. जीप तिला घेऊन मागं गेली आणि दरीकडं न जाता डोंगराच्या अंगाला आदळली. ती मधे होती.

मला फोन आला तेव्हा मी कुणाची तरी मोटारसायकल घेऊन निघालो. पोचलो तोवर तिला खाली नेलं होतं. विलास रस्त्याच्या कडेला बसला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, “आण्णा, तिनं हाक बी न्हाई मारली.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग जीपखाली शिरलो. वर माणसं रडत होती आणि मी बॉक्सचा बोल्ट न् बोल्ट हातानं चाचपत होतो. बाहेर येऊन गिअरची दांडी हातात घेतली, एक एक करून सगळे गिअर टाकून पाहिले. लोण्यासारखे पडत होते. बॉक्स शाबूत होता.

कमजोर बॉक्स असता तर पहिल्याच आठवड्यात तो कुठंतरी मोडला असता. इंजिनाबरोबरचा हलका बॉक्स असता तर क्लच जळाला असता. कुठल्याही प्रकारे गाडी बंद पडून माझ्या दारात आली असती, आणि मला तो एक्सल बदलावाच लागला असता. मी मजबूत निवडला.

चौकशीला पोलिसातले साहेब आले, त्यांनी गाडी पाहिली, कागद पाहिले. “इंजिन दुसरं दिसतंय. हे काम कुणी केलं?”

विलास म्हणाला, “म्या सोता केलं. भंगारातनं आनून.”

मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभा होतो. साहेबांनी माझ्याकडं पाहिलंही. मी एका शब्दानं बोललो नाही. नंतर मनाला समजावलं, विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारलंच होतं की. कुणी केलं, असं मोठ्यानं विचारलं होतं.

विलासवर खटला झाला. लायसन गेलं. परवानगी नव्हती म्हणून विम्यानं हात वर केले. वाडी पुन्हा पायी चालायला लागली. विलासनं पानशेतच्या एका बंगल्यावर राखणदाराची नोकरी धरली, मागच्या खोलीत तो आणि त्याची लेक रूपाली. ती तेव्हा नववीत होती.

आणि हा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या दुकानात येऊन बसायचा. येताना पिशवीत कधी चवळीच्या शेंगा, कधी करवंदं. कुणी अपघाताचं काढलं की माझी बाजू घ्यायचा. “आण्णांच्या बॉक्सला काय झालं न्हाई. आमचं नशीबच फुटकं, त्याला आण्णा काय करनार?” मी मान खाली घालून पाने पुसत राहायचो. पौर्णिमेला विहारात बसलो, डोळे मिटले, की ती तिरकी खाच दिसायची.

मग एक दिवस एक गिऱ्हाईक आलं. त्याच्याकडं मोठं इंजिन होतं, तशाच एका जीपमध्ये टाकायचं होतं. म्हणालं, “मिस्त्री, त्या वाडीच्या जीपला बसवलेला तसलाच बॉक्स पाहिजे. एवढा अपघात झाला पण बॉक्सला ओरखडा नाही म्हणतात.” मी त्याला परत पाठवलं आणि आठवड्याभरात दुकान सोडलं. त्यानं ते काम दुसरीकडून करून घेतलं असणार. एक्सल कुणी पाहिला की नाही, माहीत नाही.

घरी बसल्यावर दिवस सरेनात. मंगल, माझी बायको, एकटी हे सगळं जाणून होती. तिला मी म्हणालो, विलासला सांगून टाकतो. ती म्हणाली, “त्याच्यासाठी सांगताय का तुमच्यासाठी?” मी म्हणालो, दोघांसाठी.

या वर्षी भाताच्या लावण्या उरकल्यावर मी पानशेतला गेलो. विलास बंगल्याच्या हिरवळीवरचं तण उपटत होता. मला पाहून उठला, पाणी दिलं, रूपालीला चहा टाकायला सांगितलं. मी चहाची वाट पाहिली नाही. उभ्या उभ्या सांगितलं. दांडा हातात घेतला होता, बारीक होता, खाचा तिरक्या झाल्या होत्या, बदलायला पाहिजे हे कळलं होतं, आणि तरी परत आत घातला.

तो ऐकत राहिला. हातात तणाची मूठ तशीच. मग म्हणाला, “मंग तवा का न्हाई बोलला?”

मी म्हणालो, लग्न होतं, तू घाईत होतास.

“म्या थांबलो असतो, आण्णा. येक लगीन गेलं असतं. तुमी थांब म्हनला असता तर वरीसभर थांबलो असतो म्या. ती तर अशीच चालत व्हती की दगूड घेऊन. पंधरा वर्सं चालली.” आवाज चढला नव्हता. “म्या साहेबाला तुमचं नाव न्हाई सांगितलं, कारन तुमची चूक न्हाई असं वाटलं मला.”

रूपाली चहा घेऊन आली. विलास तिला म्हणाला, “ठिव खाली.” मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “तुमची एसटी जाईल.”

चहा तिथंच राहिला. एसटीत बसल्यावर मंगलचा प्रश्न आठवला, आणि या वेळी मला दोघांसाठी म्हणता येईना. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं नव्हतं, आणि ज्याच्याकडं येऊन बसावं असा एक माणूस त्याला उरला होता, तो मी त्याच्याकडून काढून घेतला होता.

त्यानंतर तो आला नाही. गणपतीत मी फोन केला, उचलला नाही. दसऱ्याला केला, उचलला नाही. परवा परत लावला. रूपालीनं उचलला. आता बारावीला आहे, आवाज आईसारखा झालाय.

“आण्णा, पप्पा हितंच बसल्यात,” ती म्हणाली. “पन ते म्हनत्यात, न्हाईत म्हनून सांग.”

मी म्हणालो, बरं.